स्लॉटची वीज मोजणारा रायझर : नोंद तिसरी

तीन आठवडे अडलेलं काम शनिवारी रात्री मार्गी लागलं. घोळ एका तारेचा होता.

मागच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून नक्की किती वीज ओढतं, ते मला स्वतः मोजायचं आहे. त्यासाठी राखाडी पट्टीच्या केबलचा जुना एक्स१६ रायझर (सगळ्यात लांब स्लॉट आणि कार्ड यांच्यामध्ये लावायची जोडकेबल) घेतला, त्यातल्या विजेच्या तारा कापल्या, मध्ये शंट रेझिस्टर (अगदी कमी रोधाचा, ज्यावर पडणाऱ्या व्होल्टेजवरून प्रवाह कळतो) बसवला आणि शंटवर ते व्होल्टेज मोजणाऱ्या आयएनए२२६ चिपचं मॉड्यूल. आकडे वाचायला ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर. कार्ड जुन्या बाजारातलं जीटीएक्स १०५० टीआय, तेही वेगळा पॉवर कनेक्टर नसलेलं मुद्दाम शोधून आणलं. म्हणजे ते जे काही खाईल ते स्लॉटमधूनच.

स्लॉट ७५ वॅट देतो, हे आपण सगळेच एकमेकांना सांगतो. पण तो आकडा फोडून बघायला हवा. एक्स१६ ग्राफिक्स कार्डाला १२ व्होल्टवर जास्तीत जास्त ५.५ अँपिअर मिळतात, म्हणजे ६६ वॅट. ३.३ व्होल्टवर ३ अँपिअर, म्हणजे ९.९ वॅट. बेरीज ७५च्या पुढे जाता कामा नये. ग्राफिक्स चिपची मुख्य भूक १२ व्होल्टच भागवतो, ३.३ व्होल्टला कार्ड जेमतेम हात लावतं. त्यामुळे माझ्या लेखी खरी मर्यादा ६६ वॅटची. आणि तीही सुरुवातीपासून नाही. पीसी चालू होताना कार्डाने २५ वॅटच्या आत राहायचं असतं. बोर्डाकडून मर्यादेचा संदेश आला की मगच पुढे जायची मुभा.

हे ५.५ अँपिअर येतात पाच पिनांमधून, प्रत्येकी १.१ अँपिअर. या पाचही पिना स्लॉटच्या खाचेअलीकडच्या छोट्या भागात आहेत. तो भाग सगळ्यात छोट्या एक्स१ स्लॉटलाही अगदी तसाच असतो! खाचेपलीकडची सगळी लांबी डेटाच्या लेनसाठी. तरीही एक्स१ स्लॉटला पूर्ण उंचीच्या कार्डासाठी सुरुवातीला १० आणि नंतर २५ वॅट, आणि एक्स४, एक्स८ला २५ वॅट, असंच प्रमाणकात ठरवलेलं आहे. पिना त्याच असल्या तरी बोर्ड बनवणाऱ्याने त्यांच्यामागे तेवढं तांबं घातलं असेलच असं नाही. म्हणून एक्स१ स्लॉटची मागची भिंत कापून त्यात मोठं कार्ड बसवायचा प्रयोग मी करणार नाही. कुणी करत असाल तर आधी कार्डाची भूक बघा.

आता शंट. मॉड्यूलवर बसवून येतो तो ०.१ ओमचा. चिप ८१.९२ मिलिव्होल्टपर्यंतच मोजते, म्हणजे ०.८ अँपिअरला तिची मजल संपली. शिवाय ५.५ अँपिअरला त्या रेझिस्टरवरच ०.५५ व्होल्ट पडणार आणि ३ वॅटची उष्णता होणार. १२ व्होल्टला ८ टक्क्यांची सवलत आहे, म्हणजे खाली ११.०४ पर्यंत, त्यातला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या शंटने खायचा, हे चालणार नाही. पुण्यातल्या तापकीर गल्लीतली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं पालथी घालून ५ मिलिओमचा शंट मिळवला. आता ५.५ अँपिअरला २७.५ मिलिव्होल्ट पडतात, उष्णता ०.१५ वॅट, आणि मोजमापाची पायरी अर्ध्या मिलिअँपिअरची. या भागावर मी मनापासून खूश आहे.

आणि तरी आकडे कमी येत होते. पडताळा असा घेतला: एसएमपीएसच्या (पीसीच्या वीजपुरवठ्याच्या) मदरबोर्डाला जाणाऱ्या २४ पिनी कनेक्टरला १२ व्होल्टच्या दोन पिवळ्या तारा असतात, त्यांना डीसी क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा) लावला. प्रोसेसरची वीज वेगळ्या कनेक्टरने जाते, त्यामुळे कार्डावर लोड टाकल्यावर इथे होणारी वाढ म्हणजे जवळपास कार्डाचीच. क्लॅम्पवर वाढ ४.४ अँपिअर, माझ्या मीटरवर ३.३. थेट पाव भाग गायब.

दोन वेळा कोड तपासला, शंट बदलला, काही फरक नाही. शेवटी कार्ड काढून रायझरच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटरने एकेक पिन तपासली. बी बाजूची तिसरी पिन सरळ आरपार वाजली. मी ज्या पिनआउटवरून (पिनांच्या नकाशावरून) तारा कापल्या होत्या ते प्रमाणकाच्या सुरुवातीच्या आवृत्तीचं होतं, त्यात ही पिन राखीव दाखवली आहे. पुढे तिथे १२ व्होल्ट आला. म्हणजे मी चार तारा शंटमधून नेल्या आणि पाचवी शंटला वळसा घालून वीज नेत होती. ती कापून बाकीच्या चौघींना जोडली, आणि दोन्ही मीटर जुळले. त्या क्षणी घरात सगळे झोपले होते, नाहीतर मी ओरडलोच असतो.

आताचे आकडे. नुसता डेस्कटॉप उघडा असताना १२ व्होल्टवर ०.५ अँपिअर. फरमार्क या कार्डावर पूर्ण ताण टाकणाऱ्या प्रोग्रॅमखाली ४.९ अँपिअर, कार्डाजवळ व्होल्टेज ११.८, म्हणजे साधारण ५८ वॅट. ३.३ व्होल्टवर जेमतेम अर्धा अँपिअर. ६६च्या मर्यादेत कार्ड आरामात बसतंय.

मर्यादा ओलांडली तर काय, याचं गाजलेलं उदाहरण २०१६च्या जूनमध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ४८० कार्डाचं. सहा पिनी कनेक्टर असूनही ते कार्ड स्लॉटमधून ठरल्यापेक्षा जास्त ओढत होतं. एएमडीने जुलैत १६.७.१ ड्रायव्हर देऊन विजेची वाटणी बदलली. मोजणाऱ्यांनी ते मोजलं म्हणूनच उघड झालं.

क्रिप्टो मायनिंगवाल्या, कार्डाची वीज वेगळ्या कनेक्टरने घेणाऱ्या रायझरबद्दल बरेच जण विचारतात. त्याला वीज साटा (हार्ड डिस्कच्या) कनेक्टरमधून देऊ नका. त्यातल्या १२ व्होल्टच्या तीन पिना मिळून ४.५ अँपिअर देतात, म्हणजे ५४ वॅट. माझं हे छोटं कार्डसुद्धा त्यात बसत नाही.

पुढचं काम वेगाचं. चिपचा रूपांतर वेळ (एका मोजणीला लागणारा) आत्ता १.१ मिलिसेकंद आहे, तो १४० मायक्रोसेकंदांवर आणून क्षणिक उसळ्या पकडायच्या आहेत. नवीन कोड चढवला आहे, चाचणी रविवारी.