चाकं टेकता टेकता विमान पुन्हा वर का जातं?

जुलैतली मुंबई. विमान इतकं खाली आलंय की घाटकोपरच्या छपरांवरच्या निळ्या ताडपत्र्या मोजून घ्याव्यात. काचेवरून पाणी आडवं पळतंय. कुणीतरी पायाशी ठेवलेली बॅग आत्ताच मांडीवर घेतली आहे. आणि एकाएकी इंजिनं गरजतात, पाठ सीटला चिकटते, नाक आभाळाकडे जातं आणि ताडपत्र्या ढगात गडप होतात. केबिनमध्ये चिडीचूप. चार-पाच मिनिटं कुणी काही सांगतही नाही. निम्मे लोक मनातल्या मनात देवाचा धावा करत असतात.

याला गो-अराउंड म्हणतात. विमानात घाबरण्यासारख्या गोष्टी आहेत, पण ही त्यांतली नाही. उलट वैमानिकाने हे करायला हवं होतं आणि केलं नाही, तेव्हाच घात झालेला आहे. त्याकडे येतोच.

आधी त्या अर्ध्या मिनिटात काय घडतं ते बघू. वैमानिक इंजिनांना जवळजवळ उड्डाणाइतकी ताकद देतो, नाक साधारण १५ अंश उचलतो आणि फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) एक टप्पा आत घेतो. विमान खरोखर चढतंय हे उंचीमापकावर दिसलं की दुसरा वैमानिक ते मोठ्याने सांगतो आणि मगच चाकं वर घेतली जातात. पायाखाली घरघर आणि मग धाडकन आवाज येतो तो चाकांच्या दारांचा. प्रवास संपत आलेला असतो, टाकीतलं बरंच इंधन जळालेलं असतं, त्यामुळे विमान हलकं असतं आणि उड्डाणाच्या वेळेपेक्षा जोरात चढतं. त्यात आपला कान फसवतो. वेग वाढणं आणि मागे कलणं यातला फरक कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला कळत नाही, म्हणून १५ अंशांचा चढ सरळ उभा वाटतो. थोड्या वेळाने इंजिनांची ताकद कमी केली जाते आणि आवाज एकदम उतरतो. पोटात गोळा येतो, इंजिन बंद पडलं की काय असं वाटतं. बंद पडलेलं नसतं. चढ पुरेसा झालेला असतो, इतकंच.

घोषणा उशिरा होते कारण वैमानिकांचा क्रमच तसा आहे: आधी विमान सांभाळायचं, मग दिशा, मग बोलणं. बोलण्यातही पहिला मान नियंत्रण कक्षाचा, प्रवाशांचा शेवटचा. केबिन क्रूलाही त्या क्षणी कारण ठाऊक नसतं, तेव्हा बेल वाजवून उपयोग नाही.

आता कारण. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच चालते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमानं बहुधा पूर्वेकडून, २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरतात (२७ म्हणजे होकायंत्रावरचे साधारण २७० अंश). उतरण्याचा उतार ३ अंशांचा असतो. एअरबस ए३२० सारखं प्रवासी विमान ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने, मिनिटाला साधारण ७०० फूट खाली येत असतं. १००० फुटांवर, म्हणजे धावपट्टी अजून सहाएक किलोमीटर लांब असताना, सगळं जागच्या जागी असावं लागतं: चाकं खाली, फ्लॅप उतरण्याच्या स्थितीत, वेग ठरलेल्या आकड्यापासून फार तर ५ नॉट कमी किंवा १० नॉट जास्त (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर), खाली येण्याचा दर मिनिटाला १००० फुटांच्या आत, चेकलिस्ट पूर्ण. आकाश मोकळं असेल तर बऱ्याच कंपन्या हीच अट ५०० फुटांवर लावतात. यातलं एकही गणित चुकलं, तर सावरत बसायचं नाही, वर जायचं.

बाकीची कारणं नेहमीची. पुढचं विमान वेळेत धावपट्टीवरून बाजूला झालं नाही. २०० फुटांपर्यंत उतरूनही पावसात धावपट्टीचे दिवे दिसले नाहीत. किंवा विंडशिअर, म्हणजे वाऱ्याचा वेग किंवा दिशा अचानक पालटणं. गडगडाटी ढगाखालून हवेचा लोट जमिनीवर आदळून चारी दिशांना पसरतो. त्यातून जाणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा मिळतो, मग वरून खाली दाब, मग पाठीमागून वारा, आणि पंखांवरून वाहणारी हवा धाडकन कमी होते. याचा इशारा कॉकपिटमध्ये बोलून मिळतो आणि तो आला की चर्चा नसते.

कधी चाकं टेकूनही विमान पुन्हा उठतं. तेही नियमात बसतं, पण इंजिनांचे रिव्हर्सर (झोत पुढे वळवून वेग मोडणारी दारं) उघडेपर्यंतच. एकदा ते उघडले की थांबायचंच.

आता घाबरण्याची खरी जागा. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या विमानसुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या अभ्यासात आढळलं, की अटी न पाळता चाललेल्या उतरणींपैकी जेमतेम ३ टक्के वेळा वैमानिक गो-अराउंड करतात. उरलेले सावरून घेऊ म्हणत उतरतात, आणि बहुतेक वेळा सावरतंही. २२ मे २०१० ला मंगळुरूत सावरलं नाही. दुबईहून आलेलं विमान फार उंचावरून आणि वेगात खाली येत होतं. सहवैमानिकाने तीन वेळा गो-अराउंडचा आग्रह धरला, कॉकपिटमधल्या यंत्रणाही इशारे देत होत्या, तरी उतरणं चालूच राहिलं. चाकं टेकली तेव्हा ८००० फुटी धावपट्टीतले ५२०० फूट मागे पडले होते. पठारावरची धावपट्टी, पुढे दरी. १६६ पैकी ८ जण वाचले. त्या दिवशी पोटात गोळा आणणारा तो चढ वेळेवर झाला असता, तर प्रवाशांनी उतरल्यावर घरी फक्त तक्रार केली असती.

मुंबईत १ जुलै २०१९ च्या रात्री जयपूरहून आलेलं विमान मुसळधार पावसात मुख्य धावपट्टी ओलांडून चिखलात रुतलं. माणसं सुखरूप राहिली, पण धावपट्टी तीन दिवसांहून जास्त बंद होती आणि दुसरी आखूड पट्टी सगळा भार ओढत होती.

ओल्या पट्टीवर दणका देऊन उतरणाऱ्या वैमानिकाला नावं ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. "नवशिका दिसतोय!" खरं तर तो दणका बहुधा हेतुपुरस्सर असतो. चाक आणि डांबर यांच्यात पाण्याचा पातळ थर अडकला की चाक तरंगतं, ब्रेक लागत नाही. हा धोका कोणत्या वेगाला सुरू होतो याचा जुना ठोकताळा आहे: टायरमधल्या दाबाचं (पीएसआय या एककात, जे पंपावर टायरची हवा मोजताना वापरतात) वर्गमूळ काढून ९ ने गुणायचं. २०० पीएसआयच्या टायरला उत्तर येतं १२७ नॉट, म्हणजे बऱ्याचदा उतरण्याच्या वेगाच्या अगदी आसपास. मऊसूत उतरायला गेलं तर त्या थरावरून घसरत जाण्याची भीती आणि पट्टीही वाया जाते. म्हणून ठामपणे टेकवायचं, पंखांवरच्या फळ्या उभ्या राहू द्यायच्या (त्या पंखांची उचल मोडून सगळं वजन चाकांवर टाकतात) आणि रिव्हर्स लावायचा. खिडकी पंखामागे असेल तर या फळ्या उभ्या राहताना बघा. ब्रेकचं बरंच काम त्यांच्यावर अवलंबून असतं.

वर गेलेलं विमान पुन्हा रांगेत लागायला दहा ते वीस मिनिटं घेतं. इंधन पुरेल का? पर्यायी विमानतळ गाठण्यापुरतं आणि शिवाय तिथे ३० मिनिटं घिरट्या घालण्यापुरतं इंधन हिशेबात धरूनच विमान निघालेलं असतं. त्या शेवटच्या ३० मिनिटांना हात लागणार असं दिसलं की वैमानिकाला "मेडे फ्युएल" अशी संकटाची हाक द्यावी लागते आणि बाकीची विमानं बाजूला केली जातात. तिथवर वेळ सहसा येत नाही. त्याआधीच विमान अहमदाबाद, गोवा किंवा हैदराबादला वळवतात.

प्रवाशाच्या हातात राहतो तो सीटचा पट्टा. पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर, टोक ओढून घट्ट. मे २०२४ मध्ये लंडन-सिंगापूर विमान म्यानमारवर ३७,००० फुटांवर असताना ४.६ सेकंदांत सुमारे ५४ मीटर खाली गेलं. पट्टा न लावलेले छतापर्यंत उडाले आणि खाली आदळले. एका प्रवाशाचा मृत्यूही झाला. आपण ज्याला एअर पॉकेट म्हणतो त्यात पोकळी वगैरे काही नसते, हवाच वरखाली वाहत असते. पंखाजवळच्या रांगांत हे हेलकावे कमी जाणवतात, शेपटीकडे जास्त.

कानात दडे बसतात ते उतरताना, म्हणून त्या वेळी झोपू नका, आवंढा गिळत राहा. तान्ह्या बाळाचं दूध उतरणं सुरू होईपर्यंत राखून ठेवा. गो-अराउंड झाला तर दुसऱ्या फेरीत पुन्हा लागेल, तेव्हा सगळं एकदम पाजू नका.

आणि विमान वळवलंच तर औषधं, चार्जर आणि खाण्याचं काहीतरी हाताशी असू द्या. उतरल्यावर तासन्‌तास आत बसून राहावं लागू शकतं. कर्मचाऱ्यांच्या ड्युटीचे तास संपले तर दुसरे येईपर्यंत विमान हलत नाही. "मी इथेच उतरतो, टॅक्सीने जातो" हेही सहज जमत नाही, कारण ज्याची बॅग विमानाच्या पोटात आहे तो उतरणार असेल तर ती बॅग दोनशेतून हुडकून आधी बाहेर काढावी लागते.