नाव बदलायला इतके महिने कशाला?

धुळ्यातली इंजिनिअरिंगची पोरं हे जरा अदबीनं विचारतात. पिंपळनेरचे मामा सरळ अहिराणीत, ‘दिनभर काय करस रे भो?’ रोख एकच. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, आणि पडद्यावरचं चित्र सांभाळणारा तिचा भाग म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. त्यात मी नवीन काही बनवत नाही, जुना कोड आवरतो. शेकडो फायलींमधलं एक नाव काढून दुसरं घालायचं, हे कॉम्प्युटर मिनिटात करेल, मग महिने का लागतात? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मिनिटात होतं हे खरंच आहे. कॉक्सिनेल नावाचं साधन त्यासाठीच आहे. त्याला सी भाषेचं व्याकरण कळतं, त्यामुळे नुसती अक्षरं शोधून बदलण्यापेक्षा ते पुष्कळ भरवशाचं. अडतं ते माणसांपाशी.

इंटेलच्या आय-नाइन-वन-फाइव्ह ड्रायव्हरचंच घ्या. २०२४ मध्ये लिनक्स ६.८ सोबत एक्सई हा नवा ड्रायव्हर आला. पडद्यावर चित्र दाखवणारा कोड मात्र दोघांचा एकच, आणि तो दोनदा कंपाइल होतो, एकदा या ड्रायव्हरसाठी, एकदा त्या. त्या कोडमध्ये जुन्या ड्रायव्हरचं स्ट्रक्चर, म्हणजे त्याची सगळी माहिती एकत्र ठेवणारी चौकट, जागोजागी नावानिशी घुसलेलं. म्हणून डिस्प्लेसाठी वेगळं स्ट्रक्चर काढून एकेक फाइल त्यावर न्यायची. कोड आवरणं म्हणजे फक्त रंगरंगोटी नव्हे, ते असं.

आता एकाच दिवशी सगळं बदललं तर काय होईल? त्याच फायलींवर दुसरी माणसं काम करत असतात. कुणाचे पॅच, म्हणजे सुचवलेले बदल, तपासणीत अडकलेले, कुणाचे अजून घरच्याच मशीनवर. ते सगळे एका झटक्यात बसेनासे होतात. जुन्या स्थिर आवृत्त्यांचं दुखणं आणखी वेगळं: आजची दुरुस्ती तिकडेही न्यायची असते, पण तिथे नाव जुनंच, मग कुणीतरी ती हातानं बसवत राहतो. शिवाय कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटला ‘ही ओळ कुणी लिहिली’ विचारलं, की खऱ्या लेखकाऐवजी आवराआवर करणाऱ्याचं नाव येतं. २०१९ च्या गिट २.२३ पासून असे बदल वगळून बघता येतं, पण त्यांची यादी कुणीतरी ठेवावी लागते.

साक्री तालुक्यात पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे शेतांचे फड पाडून सगळ्यांनी मिळून पाणी वाटायची रीत, ज्यांनी पाहिली आहे त्यांना माझं काम लवकर कळतं. कुठल्या फडात कोणतं पीक, हे शेतकरी एकत्र बसून ठरवतात, आणि पाणी सोडतो तो पाटकरी. ज्याला वाटेल त्यानं पाटाचं बारं फोडायचं नाही. मीही एक भाग निवडतो, आधी सगळ्यांना कळवतो, कुणाचं काय अडकलंय ते विचारतो, ते आत गेलं की मग तेवढाच भाग एकदम बदलतो. वेळही पाळावी लागते. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते, त्यात नवे बदल आत घेण्याची खिडकी फक्त दोन आठवड्यांची. ग्राफिक्सवाले आपला माल त्याच्याही आधी गोळा करून ठेवतात.

उलट बाजूही सांगतो, कारण आवराआवर करणारे उगाच अडून बसतात अशी तक्रार मी ऐकतो. २०१६ च्या डिसेंबरात चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीनं डिस्प्लेचा सुमारे लाखभर ओळींचा कोड पुढे केला, तेव्हा ग्राफिक्स विभागाचे देखभालकर्ते डेव्ह एअरली यांनी नकार दिला. खाली कर्नलच्या सोयी असताना वर कंपनीचा स्वतःचा थर कशाला, हा त्यांचा मुद्दा. बरीच साफसफाई झाल्यावर तो कोड लिनक्स ४.१५ मध्ये आला, २०१८ च्या जानेवारीत. माझ्या मते नकार बरोबरच होता. आत घेतलेला कोड कंपनीचं लक्ष उडाल्यावरही कुणीतरी सांभाळायचा असतो.

पोरांनो, तुम्हाला हात घालायचा असेल तर कर्नलच्या कागदपत्रांत ग्राफिक्सची कामांची यादी आहे. प्रत्येक कामापुढे ते किती अवघड आणि कुणाला विचारायचं, हे लिहिलेलं असतं. ‘स्टार्टर’ लिहिलेलं एखादं धरा. कोडला हात लावण्याआधी त्या माणसाला मेल टाका. बऱ्याचदा कळतं, की निम्मं काम कुणीतरी आधीच हातात घेतलंय.