हसण्याआधी बघायला हवं होतं

शुक्रवार

मधल्या सुट्टीत अकरावीची काही मुलं शिपाईकाकांच्या स्टुलापाशी थांबली. वर भिंतीला लक्ष्मी, कडेनं जरीची किनार चिकटवलेली, पदरावर चमकी, खाली लुकलुकणारा लाल दिवा. एकजण म्हणाला, ‘किच!’, म्हणजे भडक, हलकी कला, आणि सगळी हसली. काकांनी मला विचारलं, ‘बेन, किच एटले शुं?’ म्हणजे काय? मी म्हटलं, वर्गात शिकवलेला शब्द आहे. ते मान हलवून घंटा द्यायला गेले.

एवढंच. पण ते हसू डोक्यातून जात नाही.

सौंदर्यशास्त्राचा हा भाग मी माझ्या हौसेनं घेते. पोर्शन मागे पडला की बोलणी मी खायची, रात्री जागून नोट्स मी काढायच्या, स्टाफरूममध्ये कुणाला त्याचं काही नाही. आणि पोरांनी त्यातून उचललं काय, तर हसणं. अमेरिकन कलासमीक्षक ग्रीनबर्गचा किचवरचा १९३९ चा निबंध किती सांभाळून शिकवला होता! यंत्रावर निघालेली, साच्यातली, अनुभवाची नक्कल हातात ठेवणारी कला. त्यातलं एवढंच उरलं?

नावं ठेवायला माझी हरकत नाही. रोज सकाळी मोबाइलवर येणाऱ्या गुलाबांना आणि दवबिंदूंना मीही ठेवते. पण यांनी बघितलंच नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं, की चमकीखालची ती लक्ष्मी रविवर्म्याच्या वळणाची आहे. कमळावर उभी, वरच्या दोन्ही हातांत कमळं, बाजूला हत्ती.

आणि रविवर्मा तर बडोद्याला घरचाच. सयाजीरावांनी लक्ष्मीविलास पॅलेससाठी त्याच्याकडून पुराणातले प्रसंग रंगवून घेतले. चित्रांचे छाप काढा, हा सल्ला इथं दिवाण राहिलेल्या सर टी. माधवरावांचा. १८९४ साली मुंबईत दगडावरून छापायचा छापखाना निघाला, एकेका रंगाला वेगळा दगड, आणि देव घरोघरी पोचले. त्याची मूळ तैलचित्रं फतेसिंग म्युझियममध्ये तिकीट काढून बघायची आणि छाप हसण्यावारी न्यायचा? पुढे १९६० च्या दशकात याच शहरात चित्रकार भूपेन खख्खर बाजारातली देवांची छापील चित्रं आपल्या कामात चिकटवू लागले, तेव्हा ती कला झाली.

जर्मन तत्त्वज्ञ कान्ट म्हणतो, सौंदर्याचा निवाडा करणारा त्या वस्तूकडून काही मागत नाही. काका तर मागतात. मुलीची फी, बायकोचे गुडघे, सगळं त्या चित्रापुढेच. ते निवाडा करायला बसलेलेच नाहीत. मग त्यांच्या भिंतीला आमचा शब्द लावायचा का? लावावा लागेल बहुतेक, चमकी शेवटी चमकीच. इथं मी अडकते. इथल्या सूरसागर तळ्यातल्या सोनेरी महादेवाच्या मूर्तीचं काय, ते आत्ता नकोच.

पण हसू? हसू कुठून आलं? मी तर वर्गात हसले नव्हते.

धाकटी म्हणते, सोळा वर्षांची पोरं आहेत, किती मनाला लावून घेशील. खरंय. या वयात नवा शब्द मिळाला की तो कुठंतरी लावून बघायचाच असतो. उत्तरपत्रिकेत टिपा लिहून विसरली असती, त्यापेक्षा वर्गाबाहेर घेऊन गेली हे बरंच म्हणायचं. चुकीच्या जागी का होईना, वापरला.

सोमवारी मुलांना म्युझियमला न्यायचा अर्ज देते. मुख्याध्यापिका बाई चाचणी परीक्षेचं कारण काढतील, तर शनिवारचा अर्धा दिवस मागेन. बारावीला सोडणार नाहीत, अकरावी तर अकरावी. काकांचं नावही अर्जात घालते, त्यांनी ती चित्रं अजून बघितलेली नाहीत.