आईचे गेलेले तेरा गुण

गेल्या वर्षी सप्टेंबरात आमच्या गावच्या शाळेत ज्येष्ठांसाठी आरोग्य शिबिर होतं. 21 सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन, त्याच्या आगेमागे अशी शिबिरं बरीच होतात. रक्तदाब, साखर, डोळे आणि शेवटच्या टेबलावर ‘स्मरणशक्ती तपासणी’. आईला मीच साताऱ्याहून जाऊन तिथे घेऊन गेले. अण्णांना जाऊन सात महिने झाले होते. तेव्हापासून आई गॅसवर दूध ठेवून विसरायची, एकच गोष्ट दोनदा विचारायची, आणि बोलणं तर जवळजवळ बंदच झालं होतं.

टेबलामागे विशीतला एक मुलगा होता. बाहेर रांग लागलेली, त्यामुळे घाईत.

“आजी, आज तारीख काय?”

“आज तृतीया. उद्या भरणी.”

“तिथी नको आजी, तारीख.”

“भरणी हाय की उद्या. ह्यांची पानं वाढायची हायत घरात.”

त्याने शून्य लिहिलं. महिना? “भादवा.” पुन्हा शून्य. साल तिला सांगता आलं नाही. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, ती त्र्याण्णववर थांबली. एक पाटी दाखवली, त्यावर लिहिलेलं वाचून तसं करायचं होतं. चष्मा घरी राहिलेला. एक वाक्य लिहायला सांगितलं, तिने मान हलवली. शेवटी एकमेकांत अडकलेल्या दोन पंचकोनांचं चित्र समोर ठेवून “असंच काढा” म्हणाला. आईने पेन्सिल हातात धरली, कागदाकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “ह्याचं ठिपकं कुठं हायत?” रांगोळी समजली होती ती. मुलाने कागद काढून घेतला. सात-आठ मिनिटांत सगळं उरकलं. तीसपैकी 17.

“चोवीसच्या खाली आहे ताई. आजींना डिमेन्शिया आहे,” तो आईच्या समोरच म्हणाला.

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार. त्या मुलाचं हे वाक्य आमच्या घरात चार महिने राहायला होतं. दादाने काळजीपोटीच, पण आईकडून कपाटाची किल्ली घेतली. वहिनी तिला गॅसजवळ जाऊ देईना. दुधाचा, किराणाचा हिशेब दादाने स्वतःकडे घेतला. पाहुणे आले की तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलायचे, ती तिथे नसल्यासारखं. दिवाळीला मी गेले तर ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. “मला येड लागलंय म्हणं,” एवढंच म्हणाली.

मी जिल्हा परिषदेत हिशेबाच्या कामाला आहे. शिबिराचा तो कागद एका रात्री घेऊन बसले आणि ताळेबंद तपासावा तसा तपासला. गेलेले गुण तेरा. तारीख, महिना, साल: तीन. ‘कितवा मजला’ या प्रश्नाचा एक. आमच्या शाळेला मजलाच नाही. वजाबाकीचे चार. वाचणं, लिहिणं, चित्र: तीन. आधी सांगितलेले तीन शब्द नंतर आठवायचे होते, त्यातले दोन गेले. म्हणजे तेरापैकी थेट आठवणीचे दोन! बाकीचे बरेचसे तिसरीत सुटलेल्या शाळेचे, घरी राहिलेल्या चष्म्याचे आणि तिथीवर चालणाऱ्या घराचे.

मग वाचत गेले. ही तीस गुणांची प्रश्नावली फोलस्टीन दांपत्य आणि मॅकह्यू या मनोविकारतज्ज्ञांनी अमेरिकेत 1975 साली आणली, दवाखान्यातल्या रुग्णाची स्थिती डॉक्टरांना पटकन अजमावता यावी म्हणून. तिचे गुण शिक्षणावर बरेच अवलंबून असतात, ही गोष्ट या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत संशोधकांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या वृद्धांना विचारता येईल अशी हिंदी प्रश्नावली बनवली, ती 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे आईसारख्यांचा विचार कुणीतरी तीस वर्षांपूर्वी केला होता. आमच्या शाळेतल्या टेबलापर्यंत तो पोचला नव्हता.

प्रश्नावली वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. कुणाला पुढे पाठवायचं, हे ठरवण्यापुरती ती आहे. त्या मुलाने “गुण कमी आलेत, मोठ्या तपासणीला न्या” एवढंच म्हटलं असतं तर माझी काहीच तक्रार नव्हती.

जानेवारीत आईला एसटीने पुण्याला नेलं. एका ओळखीच्या डॉक्टरांनी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे अशा चाचण्या घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंचं नाव दिलं होतं. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे या कामासाठी लागणारी सरकारी नोंदणी आहे ना, हे मी आधी विचारून घेतलं. फलक कुणीही लावतो. बाईंनी पहिल्या भेटीत एकही चाचणी घेतली नाही. रक्त तपासायला सांगितलं, थायरॉइड आणि बी-12 जीवनसत्त्व. कान तपासायला पाठवलं. बी-12 बरंच कमी निघालं, आणि डाव्या कानाने आईला नीट ऐकूच येत नव्हतं. शिबिरात तो मुलगा तिच्या डावीकडे बसला होता.

चाचण्या पुढच्या खेपेला, दोन सकाळी मिळून साडेतीन तास. आई दमली की बाई थांबायच्या, चहा मागवायच्या. पंधरा शब्द वाचून दाखवले, आठवतील ते सांगायचे. तेच शब्द असे पाच वेळा. आईने पहिल्यांदा चार सांगितले, पाचव्यांदा नऊ. अर्ध्या तासाने परत विचारले तेव्हा पाचच आले. मी खचले. पण नंतर बाईंनी एकेक शब्द उच्चारून “हा त्यातला होता का?” असं विचारलं, तर पंधरापैकी तेरा तिने बिनचूक ओळखले. बाईंनी मला नंतर समजावलं ते असं: शब्द आत गेलेत, राहिलेतही, फक्त हाक मारल्यावर बाहेर यायला वेळ लागतोय. अल्झायमरमध्ये बहुधा ते आत टिकतच नाहीत, मग ओळख पटवूनही फारसा उपयोग होत नाही. हा फरक तीन शब्दांच्या प्रश्नात दिसणार कसा?

एका मिनिटात भाज्यांची नावं सांगायची होती. आई सुरुवातीला अडखळली, मग सुरू झाली: मेथी, चुका, अंबाडी, तांदुळजा, घोळ, पाथरी, चिगळ, कुर्डू... चार महिन्यांत तिचा आवाज इतका मोकळा मी ऐकला नव्हता.

नंतर वृद्धांच्या नैराश्यासाठीचे हो-नाहीचे पंधरा प्रश्न. ‘आयुष्य रिकामं वाटतं का?’ याला आईने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पदर तोंडाला लावला. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ काही विचारलं नाही.

माझ्याशी वेगळं बोलताना त्यांनी विचारलं, घरात आई कोणते हिशेब ठेवायच्या? मी दुधाचं सांगितलं. ती कालनिर्णयवर रोज एक रेघ ओढते, खाडा असेल तर फुली. बाई म्हणाल्या, ते कालनिर्णय आणा. जुनं अजून त्याच खिळ्याला होतं, नव्याच्या मागे. जानेवारीपासून रेघा. अण्णा गेले त्या फेब्रुवारीत तेरा दिवस कोरे, मग पुन्हा रेघा, मार्च, एप्रिल, पावसाळाभर, फुल्यांसकट. दादाच्या वहीशी ताडून बघितल्या, बेरजा जुळल्या. रेघा थांबल्या त्या सप्टेंबरच्या शेवटी, शिबिर झाल्यावर. ते पान हातात धरून मी तिथेच रडले.

अहवाल सहा पानांचा आला. नैराश्य, बी-12ची कमतरता, ऐकण्यातला दोष. सध्या स्मृतिभ्रंशाचं चित्र दिसत नाही, एका वर्षाने पुन्हा तपासावं. ‘सध्या’ या शब्दावर बाईंनी मुद्दाम बोट ठेवलं. उतारवयातलं नैराश्य कधी कधी पुढच्या आजाराची सुरुवातही असतं, म्हणून वर्षाने यायचंच. मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू झाल्या, इंजेक्शनं झाली, कानाला यंत्र आलं.

उलटंही घडतं. आमच्या आळीतल्या निवृत्त मुख्याध्यापकांना अशाच एका शिबिरात 28 गुण पडले होते. त्यांची बायको सांगत होती की हे पोस्टातून घरी येताना वाट चुकतात, पेन्शनचे पैसे कुठे ठेवले आठवत नाही. मुलं म्हणाली, अठ्ठावीस आलेत, तूच उगाच घाबरतेस. आयुष्यभर फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला ते प्रश्न सोपेच होते. दीड वर्षाने सविस्तर चाचण्या झाल्या, तेव्हा आजार बराच पुढे गेला होता. काकूंचं तेव्हा कुणी ऐकलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

येत्या जानेवारीत आईची दुसरी तपासणी आहे. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण किल्ली तिच्या कमरेला परत आली आहे, आणि परवा गेले तेव्हा नोव्हेंबरच्या पानावर रेघा होत्या. दोन खाडे होते. गवळी बिल घेऊन आला, त्याने एकच खाडा धरला होता, तेव्हा आईने त्याला दारात उभं करून दुसरी फुली दाखवली.