एक गाठ, तीन मापं

आत्याच्या स्तनाच्या कॅन्सरचे तीन रिपोर्ट दिवाणावर पसरून आम्ही सगळे बसलेलो. सोनोग्राफीत गाठ १.९ सेंमी, मॅमोग्राफीत २.३, एमआरआयमध्ये ३.१. काका भडकले, "आठ दिवसात एवढी वाढली का बावा? का हे लोक अंदाजे लिहून राहिले?" त्यात कोणीतरी सांगितलेलं की गाठ २ सेंमीपर्यंत असली तर टी१ आणि वर गेली की टी२ (म्हणजे गाठीच्या आकारावरून ठरणारी पायरी), मग तर विचारूच नका.

नागपुरात धंतोलीच्या सर्जन मॅडमनी समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गाठ तीच, बघायची तऱ्हा वेगळी. मॅमोग्राफी म्हणजे एक्स-रे, दोन प्लेटांमध्ये दाबून काढतात (आत्या म्हणे पोळपाटावर लाटल्यासारखं वाटलं), त्यात मिठाच्या दाण्यांसारखे कॅल्शियमचे कण छान दिसतात, ते सोनोग्राफीत बरेचदा निसटतात. पण स्तन डेन्स असला, म्हणजे त्यात चरबी कमी आणि ग्रंथी जास्त असल्या, तर तोही पांढरा आणि गाठही पांढरी, मग कडा कुठे संपते कोण सांगणार. सोनोग्राफीत ही अडचण कमी, काखेतल्या गाठीही बघता येतात, बायोप्सीची सुई त्यातच बघत टाकतात, फक्त करणाऱ्याचा हात चांगला पाहिजे, आणि माप थोडं कमीच येतं बरेचदा.

एमआरआयला पालथं झोपवलं, हाताच्या शिरेतून डाय (स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) दिला. रक्तपुरवठा जास्त असेल तिथे ते चमकतं, म्हणून सगळ्यात जास्त यातच सापडतं आणि नको ते पण सापडतं! आत्याच्या दुसऱ्या बाजूला एक ठिपका दिसला, परत सोनोग्राफी, परत सुई, निघालं काय तर साधा फायब्रोअॅडिनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ. ते चार दिवस घरात कोणी धड जेवलं नाही.

मी मॅडमला विचारलंच, मग एमआरआय सगळ्यांचाच का नाही करत? तर म्हणे ब्रिटनमध्ये १६२३ बायकांवर कॉमिस नावाची ट्रायल झाली, २०१० मध्ये छापून आली, त्यात एमआरआय केलेल्या आणि न केलेल्या दोन्ही गटांत परत ऑपरेशन करावं लागायचं प्रमाण साधारण १९ टक्केच. लोब्युलर (दूध बनवणाऱ्या ग्रंथीतल्या) प्रकारच्या कॅन्सरमध्ये मात्र मॅडम एमआरआय मागतात, कारण त्याच्या पेशी एकामागे एक रांगेत पसरतात, धड गाठ बनतच नाही. आत्याचं डक्टल (दुधाच्या नळीतलं) होतं, पण स्तन डेन्स म्हणून केला.

ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला, २.४. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि मॅमोवाल्यांना पास करून टाकलं.