आमची वाटचाल : आधी पाणी, मग खेळणं

आमचा धंदा मुळात पंपांचा. दापोली तालुक्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांना मोटारी बसवणं, फूटव्हॉल्व्ह बदलणं, पाइपलाइन टाकणं ही कामं वडिलांनी सुरू केली. मी त्यांच्या हाताखाली शिकलो. मुरूड, कर्दे, आंजर्ले, हर्णै या पट्ट्यात पर्यटक वाढले, वाडीतल्या घरांत पाहुण्यांच्या खोल्या निघाल्या. ज्यांच्या मोटारी आम्ही वर्षानुवर्षं दुरुस्त करत होतो, तेच मग विचारू लागले, "पोरांना खेळायला पाण्याचं काहीतरी करून दे रे. दुपारी नुसती मोबाइल घेऊन बसतात."

मागणी व्हायची ती कॅटलॉगमधल्या पाणी उडवणाऱ्या रंगीत छत्रीची, नाहीतर भरली की उलटी होणाऱ्या मोठ्या बादलीची. ती वाईट नाहीत, पण त्यांना लागणारं पाणी आणायचं कुठून? रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभ्या दगडातून तो झिरपून निघून जातो. मे महिन्यात कित्येक बावींचा तळ दिसतो, आणि पर्यटकांचा हंगाम नेमका तोच. मिनिटाला २० लिटर पाणी सोडणारे १० फवारे धरले, तर तासाला १२ हजार लिटर झाले. दहा हजार लिटरचा टँकर ५० मिनिटांत संपला. वाडीत टँकर यायचा तेव्हा शेजारची बाई डोक्यावर हंडा घेऊन चालत असायची. तिच्यासमोर ते पाणी गटारात सोडायला मला जमलं नसतं.

म्हणून आम्ही पाहुणे आल्यावर वाडीतच थांबून मुलं नेमकी कशाशी खेळतात ते बघायला लागलो. पंप चालू झाला की पाणी कुंडीत पडतं, तिथून पन्हळीतून, पाटातून पोफळीच्या आळ्यांत जातं. पूर्वी रहाटावर हीच रीत होती. मुलं तिथेच गोळा व्हायची. एक चार-पाच वर्षांची मुलगी पन्हळीच्या तोंडाशी तळहात आडवा धरून बसली होती. पाणी चढलं, काठावरून सांडलं, तिनं हात काढला, लोंढा सुटला. पुन्हा हात. आईनं जेवायला हाका मारल्या तरी ती हलेना. फवाऱ्याखाली मूल किंचाळतं, भिजतं आणि थोड्या वेळानं कंटाळतं. तिथं त्याला करायला काही नसतं. अडवायला, वळवायला, उचलायला मिळालं की ते रमतं.

त्यावरूनच आमचं पहिलं खेळणं तयार झालं : मुलाच्या छातीएवढ्या उंचीवर दांडा असलेला छोटा हातपंप, वेगवेगळ्या उंचीच्या पन्हळी, सरकवायच्या फळ्या, एक फिरतं चाक, आणि शेवटी सगळं पाणी पोफळीच्या आळ्यात. झाडांना जे पाणी द्यायचंच होतं, ते आधी मुलांच्या हातातून जातं. वेगळं पाणी लागत नाही. हातपंपाची टाकी मात्र रोज नव्यानं भरायची आणि पाणी क्लोरीन टाकून पिण्याजोगं ठेवायचं, कारण मुलं ते पितातच.

ज्यांना फवारेच हवेत त्यांना पाणी फिरवून वापरावं लागतं, आणि मग जबाबदारी वाढते. वाळूचा फिल्टर, क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम, पीएच (पाण्याचा आम्लपणा दाखवणारा आकडा) ७.२ ते ७.८, आणि हे मोजणारा रोजचा माणूस. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा परजीवी या क्लोरीनमध्ये कित्येक दिवस तग धरतो. म्हणून जंतू मारणारा यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा लावतो आणि पोट बिघडलेल्या मुलाला पाण्यात सोडू नये, असा फलक दर्शनी भागात लावायला सांगतो. पाणी खेचणारं तोंड एकच कधीच ठेवत नाही, दोन लांब लांब ठेवतो, म्हणजे एकावर अंग चिकटलं तरी ओढ दुसरीकडे वळते. मोजणारा माणूस नेमायची तयारी नसेल, तर आम्ही ते काम घेत नाही.

खाऱ्या वाऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण फसगत तिथेच होते. ३०४ ग्रेडचं स्टील दुकानात चकचकीत दिसतं. समुद्राकाठी थोड्याच काळात त्यावर तांबूस डाग उठतात. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते मिठाला जास्त तोंड देतं. पण नुसता ग्रेड बघून भागत नाही. साध्या लोखंडावर चालवलेली ग्राइंडरची चकती स्टीलला लावली, तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि तिथूनच गंज दिसायला लागतो. आमच्याकडे स्टीलसाठीच्या चकत्यांचा डबा वेगळा आहे, त्यावर पिवळी पट्टी आहे. वेल्डिंगचा निळसर डाग आम्ही पेस्ट लावून काढतो आणि नटबोल्टही ३१६ चेच घालतो. फायबरची घसरगुंडी घेणाऱ्यांनी वरचा थर बोटांनी चोळून बघावा. बोटाला पांढरी भुकटी लागली तर तो थर उन्हानं झिजलाय. उद्या धागे वर येऊन मुलांच्या मांड्यांना टोचतील.

फटींबद्दल युरोपातलं ईएन ११७६ हे मानक आम्ही पाळतो : बोट अडकेल अशी ८ ते २५ मिलिमीटरची फट नको, डोकं अडकेल अशी ८९ ते २३० मिलिमीटरची नको. खाली गुळगुळीत कोटा फरशी टाकत नाही, पावसानंतर त्यावर शेवाळ धरतं. पाणी कुठेही साठून राहू नये, हा आमचा सगळ्यात कडक नियम. काही सेंटिमीटर पाण्यातही तान्हं मूल बुडू शकतं, आणि आठवडाभर तुंबलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. म्हणून संध्याकाळी बंद केलं की सगळं आपोआप रिकामं होईल, असा उतार देतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा टाळेबंदीमुळे हंगाम आधीच गेला होता. वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. त्या पावसाळ्यात आमच्या माणसांनी खेळण्याचं एकही काम केलं नाही. पडलेली झाडं बाजूला करणं, पंप काढून सुकवणं, जनरेटरवर पाणी चालू करून देणं, हेच केलं. पडलेल्या माडांच्या खोडांची नंतर काही जणांना पन्हळी करून दिली. माड बाहेरून कठीण आणि आतून मऊ असतो, त्यामुळे कोरायला सोपा. कडांचे धागे मात्र टोचतात, ते घासून काढावे लागतात. पाण्यात खोड फार वर्षं टिकत नाही, हे आधीच सांगूनच देतो. तेव्हापासून सावलीची कापडं मात्र सगळीकडे काढता येतील अशीच लावतो.

आता कोणी अंदाजपत्रक मागितलं, की पहिला प्रश्न असतो, "काका, मे महिन्यात तुमच्या बावीत किती हात पाणी असतं?" उत्तर कमी आलं तर हातपंपाचं, त्याहून कमी आलं तर स्टँडवर २०० लिटरचं पिंप, त्याला एक तोटी आणि खाली दोन पन्हळी. या शेवटच्या संचाला वीज लागत नाही. अंगणवाड्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, तो मावतो, आणि तिथे आम्ही तो बसवण्याची मजुरी घेत नाही.