फोटोतलं पाणी खरंच इतकं निळं आहे का?

आमच्या दिवाणखान्यात शू-रॅकच्या वर एक फोटो लावलाय. निळं तळं, मागे बर्फाचे पट्टे मिरवणारी शिखरं, काठाला काळपट सूचिपर्णी झाडांची दाटी. कॅल्गरीला आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा बूट काढता काढता मान वर करतो आणि विचारतो, "फिल्टर लावलाय ना?" परवा व्हिडिओ कॉलवर तुम्हीही तेच विचारलंत. तेव्हा नुसतं "नाही हो" म्हणून सोडून दिलं. पण खरं उत्तर तेवढ्यावर भागणारं नाही.

तर ते मोरेन लेक. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, बॅन्फ नॅशनल पार्कमध्ये, साधारण १,८८५ मीटर उंचीवर. आकाराने फार मोठं नाही, अर्ध्या चौरस किलोमीटरच्या आसपास. त्याच्याभोवती ओळीने दहा शिखरं उभी आहेत, सगळी तीन हजार मीटरच्या वरची. १८९०च्या दशकात सॅम्युअल ॲलन नावाच्या गिर्यारोहकाने त्यांना तिथल्या मूळनिवासी स्टोनी नाकोडा लोकांच्या भाषेतले एक ते दहा आकडेच नावं म्हणून देऊन टाकले. पुढे त्यातल्या बहुतेकांना कुणाकुणा माणसांची नावं मिळाली. टोन्सा, नेप्च्युआक आणि वेंकचेम्ना, म्हणजे चार, नऊ आणि दहा, एवढी तीनच आकड्यांवर टिकून राहिली. मला हे तीन आकडे उरलेल्या सगळ्या बड्या नावांपेक्षा आवडतात.

आम्ही तिथे पहिल्यांदा गेलो ते २०१९च्या जूनमध्ये. रस्ता उघडून जेमतेम चार दिवस झाले होते. या रस्त्यावर हिवाळ्यात हिमलोट कोसळतात, म्हणून तो ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरीपर्यंत बंदच असतो. सूर्योदय गाठायचा म्हणून रात्री दोनला घरून निघालो. पोचलो, थर्मासमधला चहा ओतला, उजाडायची वाट बघत कुडकुडत बसलो. उजाडलं तेव्हा समोर काय? अर्ध्या तळ्यावर करडा, सडका बर्फ. उरलेल्या भागात पाणी इतकं खाली गेलेलं की काठाला राखाडी चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडलेला. निळं म्हणावं असं माझं जॅकेट तेवढं होतं. नवरा म्हणाला, "लोक फिल्टर लावतात, दुसरं काय!" आणि त्या दिवशी मलाही ते पटलं.

पुढे कळलं की चूक तळ्याची नव्हती, आमच्या तारखेची होती.

या पाण्याला रंग येतो तो दगडाच्या पिठामुळे. हिमनदी डोंगरावरून घसरते तेव्हा तिच्या पोटातले दगड खालच्या खडकावर घासत जातात, जात्यासारखे. त्यातून जी भुकटी निघते ती इतकी बारीक असते की उन्हाळ्यात बर्फ वितळला की पाण्याबरोबर वाहत खाली येते. वरच्या ओढ्यात हे पाणी बघितलंत तर तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं दिसतं, दुधट. तळ्यात आल्यावर जाडे कण तळाशी बसतात आणि अगदी बारीक कण आठवडेच्या आठवडे तरंगत राहतात. सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पाणी स्वतःच गिळतं. उरलेल्या निळ्या-हिरव्या प्रकाशाला हे कण चहूकडे उधळतात आणि तोच आपल्या डोळ्यापर्यंत परत येतो. म्हणजे जूनच्या सुरुवातीला, जेव्हा वर काहीच वितळलेलं नसतं, तेव्हा तळं रिकामंही असतं आणि बेरंगही. जूनच्या शेवटाला ते भरतं आणि जुलैमध्ये असं काही निळं होतं की बघणारा थबकतो.

पुन्हा गेलो तो जुलैच्या मध्यावर, दोन वर्षांपूर्वी, माझी मावशी आली होती तेव्हा. तोवर नियम बदलला होता. २०२३पासून मोरेन लेकच्या रस्त्यावर खासगी गाड्या बंद आहेत. अपंगांचं पार्किंग परमिट असलेल्यांना तेवढी सूट आहे. बाकीच्यांनी लेक लुईजच्या स्की रिसॉर्टपाशी गाडी लावायची आणि पार्क्स कॅनडाच्या, म्हणजे तिथली राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, शटल बसने वर जायचं. जागा आधी राखून ठेवाव्या लागतात. काही जागा वसंत ऋतूतच सुटतात आणि उरलेल्या निघायच्या दोन दिवस आधी सकाळी आठला. आठ वाजून दोन मिनिटांनी लॅपटॉप उघडलात तर दुपारची बस मिळेल, किंवा तीही नाही. आम्ही आठला पाच कमी असताना तीन फोन घेऊन टेबलाभोवती बसलो होतो, दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखे. मिळाली ती साडेदहाची बस. मी हिरमुसले. सूर्योदय हुकला, सोनेरी प्रकाश हुकला, वगैरे.

आणि इथेच मी चुकत होते. पहाटे तिथे जी जादू असते ती शिखरांवर असते. ऊन माथ्यावर पडतं, डोंगर गुलाबी होतात. पण तळं तेव्हा सावलीत असतं, शाईसारखं गडद. कणांना उधळायला प्रकाशच नसतो. रंगच बघायचा असेल तर ऊन डोक्यावर यायला हवं. सकाळी दहा-अकरापासून पुढे ते पाणी पेटतं. साडेदहाच्या बसला नाक मुरडणाऱ्या माझ्यासारखीला हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बसमधून उतरलो तेव्हा मावशी आधी काठावर गेली. सत्तरीची आहे, गुडघे कुरकुरतात, पण पाणी दिसलं की हात घातल्याशिवाय राहवत नाही. तळ्याच्या तोंडाशी वाहून आलेल्या ओंडक्यांची गर्दी असते. त्यांच्या शेजारी बसून तिने ओंजळ बुडवली आणि "आई गं!" करून लगेच बाहेर काढली. पाणी हाड गोठवणारं गार. मग पुन्हा घातली, यावेळी निर्धाराने, आणि ओंजळीत बघत राहिली.

"अगं, हे तर साधं पाणीच की! रंग कुठे गेला?"

तिच्या तळहातावरच्या रेषा पाण्यातून स्वच्छ दिसत होत्या. अंगठीचा खडासुद्धा. ओंजळभर पाण्यात कण असून असून किती असणार? रंग दिसायला खोली लागते, नि थोडी उंचीही. काठावरून तिरकं बघितलं की पाण्यावर आभाळ आणि झाडं यांचंच प्रतिबिंब दिसतं. वरून बघितलं की नजर पाण्याच्या पोटात शिरते. मी हे समजावत होते तोवर मावशीने ओंजळ ओंडक्यावर रिकामी केली, हात साडीला पुसायला गेली आणि आज पॅन्ट घातलीय हे आठवून हसली.

वर जायला फार चढायचं नसतं. तळ्याच्या तोंडाशी दगडांचा एक ढीग आहे, त्याला रॉकपाइलच म्हणतात. पायऱ्या-पायऱ्यांची वाट आहे, वीसेक मिनिटांत माथ्यावर पोचता येतं; मावशीसोबत पाऊण तास लागला. हा ढीग म्हणजे एका गैरसमजाचं स्मारक आहे. १८९९मध्ये वॉल्टर विलकॉक्स या गिर्यारोहकाला तो हिमनदीने आणून टाकलेला राडारोडा, म्हणजे मोरेन वाटला आणि त्यावरून त्याने तळ्याला नाव दिलं. आता मानतात की शेजारच्या टॉवर ऑफ बॅबेल नावाच्या कड्यावरून दरड कोसळली, तिचाच हा ढीग असावा. नाव मात्र राहिलं ते राहिलं.

मधल्या एका वळणावर मावशी दम खायला टेकली, तर दगडाच्या फटीतून एक पिका बाहेर आला. मुठीएवढा, गोल कानांचा, तोंडात गवताची काडी आडवी धरलेला. दिसतो उंदरासारखा, पण आहे सशाच्या कुळातला. हिवाळ्यासाठी गवत वाळवून साठवतो. मावशीने पर्समधून शेंगदाणे काढले आणि मी झडप घालून परत पर्समध्ये कोंबले. पार्कमधल्या प्राण्यांना खायला घालणं हा गुन्हा आहे आणि दंडाची रक्कम ऐकली तर शेंगदाणे घशात अडकतील.

माथ्यावर पोचलो आणि मावशी गप्पच झाली. ती गप्प होणं ही दुर्मीळ घटना आहे म्हणून मुद्दाम नोंदवते. मग म्हणाली, "कुणीतरी नीळ कालवलीय यात." पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ. हो, तसंच. पण त्यात किंचित हिरव्याची झाक, मोरपिसाच्या आतल्या कडेला असते तशी. ढग आला की रंग विझायचा, सरकला की पुन्हा लागायचा. एक ढग जाईपर्यंत फोटो काढायचा नाही असं आम्ही ठरवलं आणि पंधरा मिनिटं तशाच बसून राहिलो.

याच जागेवरून दिसणारं दृश्य १९६९च्या मालिकेतल्या कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेमागे छापलं होतं. नोटच हिरवी, त्यामुळे रंगाचा पुरावा म्हणून ती काही कामाची नाही.

फोटो काढला दुपारी पावणेएकला. फिल्टर नाही, रंगात काही फेरफार नाही. पण कातर लावलीय, हे कबूल करते. आमच्या आजूबाजूला त्या क्षणी पन्नास-साठ माणसं तरी होती. एक नवरी पांढरा घोळ सावरत दगडांवरून चालत होती, एक बाप्या मोठ्याने कुणाला तरी "लेफ्ट, लेफ्ट" ओरडत होता, तीन सेल्फी स्टिक माझ्या खांद्यावरून गेल्या होत्या. फोटोतलं पाणी खरं आहे. फोटोतली शांतता मी कापून तयार केलीय.

पुढच्या वेळी आलात की बूट काढताना डाव्या कडेला जरा निरखून बघा. पहिल्या शिखराच्या खांद्याखाली एक छोटा लाल ठिपका आहे. कुणाच्या तरी जॅकेटची बाही. ती काढायला गेले तर शिखरही अर्धं जातं, म्हणून राहू दिलीय.